रॅकवर चढण्याआधी बीएमसी लावून घ्या

सर्व्हर बंद आहे, नुसती पॉवर केबल लावली आहे, तरी मागच्या एका नेटवर्क पोर्टचा दिवा लुकलुकत असतो. तो बीएमसीचा पोर्ट. बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर (बीएमसी) हा मदरबोर्डवरचा दुसराच, छोटा संगणक असतो; मुख्य मशीन बंद असलं तरी दुरून त्याचा ताबा घेण्यासाठी. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, फर्मवेअर वेगळं (आत बहुतेक वेळा लिनक्सच), आणि तो स्टँडबाय विजेवर चालतो. कितीतरी बोर्डांवर यासाठी एस्पीडची एएसटी२५०० किंवा एएसटी२६०० चिप असते. डेल त्याला आयड्रॅक म्हणतं, एचपीई आयएलओ म्हणतं, लेनोवो एक्सक्लॅरिटी कंट्रोलर, आणि सुपरमायक्रोवर काम करणारी आम्ही मंडळी सरळ 'आयपीएमआय' म्हणून मोकळी होतो (खरं तर ते बीएमसीशी बोलायच्या प्रोटोकॉलचं नाव).

मी पुण्यात बसते. माझे बरेचसे सर्व्हर नवी मुंबईत महाप्याला एका डेटा सेंटरमध्ये आहेत आणि काही सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या रुग्णालयात. महाप्याला जायचं म्हणजे एक्स्प्रेस वे, पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटातली रांग, मग गेटपास, ओळखपत्र, सामानाची नोंद. हे सगळं करून आत जायचं आणि एक पॉवर बटण दाबून परत यायचं, असा दिवस कुणावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं. रुग्णालयात तर आयटीचं माणूसच नाही. रेकॉर्ड विभागातले एक काका फोन उचलतात, तेवढाच आधार. म्हणून नवीन मशीन टेबलावर आलं की मी आधी बीएमसी लावते, ते रॅकवर चढण्याच्या आधी, आणि तेही वेब पानावरून नाही, बायोसच्या निळ्या पडद्यावरूनही नाही. लिनक्सच्या आतून, आयपीएमआयटूल ही कमांड वापरून. कमांड लिहून ठेवता येते, दुसऱ्याला पाठवता येते, सहा महिन्यांनी पुन्हा वाचता येते. बायोसमध्ये बाणाच्या कळांनी कुठे काय बदललं, ते कुणालाच सांगता येत नाही.

(कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी स्मॉल लेटर्स; फक्त '-आय', '-ई', '-सी' हे पर्याय, आयपीएमआय_पासवर्ड आणि टीटीवायएस मधला एस कॅपिटल. पहिल्या काही ओळींनंतर सुरुवातीचं 'आयपीएमआयटूल' गाळलं आहे, ते धरून चला.)

कर्नलचे दोन मोड्यूल लागतात, आयपीएमआय_एसआय आणि आयपीएमआय_डेव्हइंटफ. ते लोड झाले की डेव्ह फोल्डरमध्ये आयपीएमआय० नावाचं डिव्हाइस दिसतं. मग पहिली कमांड:

आयपीएमआयटूल एमसी इन्फो

फर्मवेअरची आवृत्ती, निर्माता आणि आयपीएमआयची आवृत्ती कळते. ही आवृत्ती आता सगळीकडे २.० असते. मूळ मानक इंटेल, एचपी, एनईसी आणि डेल यांनी १९९८ मध्ये आणलं, २.० आलं २००४ मध्ये. म्हणजे आज आपण वापरतो त्या प्रोटोकॉलची रचना वीस वर्षांहून जुनी आहे. हे डोक्यात ठेवा, सुरक्षेचा विषय येईल तेव्हा लागणार आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आत्ता आपण बीएमसीशी बोललो, पण पासवर्ड कुणी विचारला का? नाही. मशीनवर रूट (लिनक्सचा सर्वाधिकारी युजर) असलेल्यावर बीएमसी आतल्या वाटेने पूर्ण विश्वास ठेवतो. जुन्या माणसाने नोकरी सोडली आणि बीएमसीचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही, अशा मशीनवर हीच वाट आपल्याला वाचवते. पण याची दुसरी बाजू मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. कुणी एकदा रूट मिळवून बीएमसीमध्ये स्वतःचा युजर बनवला, तर तुम्ही डिस्क पुसा, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाका, तो युजर तिथेच राहतो. त्यामुळे एखादं मशीन हॅक झाल्यावर साफसफाई करताना बीएमसीची युजर यादी बघितली नसेल, तर ती साफसफाई अर्धवटच समजते मी.

आता नेटवर्क.

आयपीएमआयटूल लॅन प्रिंट १

हा १ म्हणजे चॅनेल. डेल आणि सुपरमायक्रोवर नेटवर्कचा चॅनेल बहुधा १ असतो. आयएलओवर मला तो २ वर सापडला आहे. काहीच छापून आलं नाही तर एकेक आकडा पुढे जात 'चॅनेल इन्फो' विचारायचं, ८०२.३ लॅन असं ज्याच्यापुढे येईल तो आपला. मग याच क्रमाने:

लॅन सेट १ आयपीएसआरसी स्टॅटिक
लॅन सेट १ आयपीएडीडीआर, पुढे पत्ता
लॅन सेट १ नेटमास्क, पुढे मास्क
लॅन सेट १ डेफजीडब्ल्यू आयपीएडीडीआर, पुढे गेटवे

क्रम महत्त्वाचा आहे. पत्त्याचा स्रोत डीएचसीपी (नेटवर्ककडून आपोआप, ठरावीक मुदतीच्या लीजवर मिळणारा पत्ता) असताना पत्ता सेट करायला गेलात तर काही बोर्ड सरळ नकार देतात, आणि काही घेतल्यासारखं करून पुढच्या लीजला पत्ता बदलून टाकतात. प्रत्येक ओळीनंतर थोडं थांबावं. बीएमसी संथ असतो, लगेच 'लॅन प्रिंट' केलं तर जुनेच आकडे दिसतात आणि माणूस उगाच गोंधळतो. व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) टॅग हवा असेल तर 'लॅन सेट १ व्हीलॅन आयडी ४०', नको असेल तर आकड्याऐवजी 'ऑफ'. स्विचच्या पोर्टवर आधीच अॅक्सेस व्हीलॅन लावलेला असेल तर इथे टॅग लावायचा नाही, दोन्हीकडे लावला की बीएमसी गायब. आतून काम करण्याचा फायदा इथेच कळतो. बाहेरून हाच बदल केला असता तर ज्या फांदीवर बसलोय तीच तोडली असती. आतून मात्र कितीही चुकीचा पत्ता पडला तरी पुढच्याच ओळीत दुरुस्त होतो.

परवा आमच्या टीममधला एक मुलगा महाप्याला उभा होता. फोन आला.

"ताई, केबल लावलीय, दिवा पण लागतोय, पण पिंग काही येत नाही."

"लॅन प्रिंट काय म्हणतंय?"

"सगळं बरोबर आहे. पत्ता, मास्क, गेटवे. दोनदा बघितलं."

"केबल कुठल्या पोर्टला आहे?"

"वेगळ्याला. आयपीएमआय लिहिलंय त्यालाच."

मशीन सुपरमायक्रोचं. मी त्याला ही ओळ सांगितली:

आयपीएमआयटूल रॉ ०एक्स३० ०एक्स७० ०एक्स०सी ०

उत्तर आलं ०१. म्हणजे बीएमसी शेअर्ड मोडमध्ये होता, मेनबोर्डच्या पहिल्या लॅन पोर्टवरून बोलत होता, आणि आमची केबल रिकाम्या घरात घंटी वाजवत होती. ० म्हणजे डेडिकेटेड, १ म्हणजे शेअर्ड, २ म्हणजे फेलओव्हर. शेवटच्या ० च्या जागी '१ ०' देऊन त्याने डेडिकेटेड केलं, थोड्या वेळाने पिंग सुरू झालं. ही रॉ कमांड मानकाचा भाग नाही, त्या कंपनीच्या बोर्डांपुरती आहे. दुसऱ्या कुणाच्या मशीनवर हेच बाइट फेकू नका, तिथे त्यांचा अर्थ काहीही असू शकतो. डेलसाठी 'डेलओईएम लॅन सेट डेडिकेटेड' अशी सरळ कमांड आहे.

फेलओव्हर या पर्यायाबद्दल मी फार कडक आहे. बरेच सुपरमायक्रो बोर्ड कारखान्यातून फेलओव्हरवर येतात. ऐकायला सोयीचं वाटतं: डेडिकेटेड पोर्टला केबल नसेल तर पहिल्या लॅनवर जा. पण पहिला लॅन पोर्ट हा अनेकदा इंटरनेटकडे तोंड करून असतो. म्हणजे मॅनेजमेंटची केबल ढिली असताना वीज आली, तर मशीनच्या मुळाशी बसलेला हा संगणक उघड्यावर जाऊन बसणार, आणि बाकी सगळं व्यवस्थित चालू असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येणार नाही. आमच्याकडच्या प्रत्येक मशीनवर ० असतं. केबल निसटली तर बीएमसी दिसेनासा होईल, मॉनिटरिंगला कळेल, कुणीतरी जाऊन केबल बसवेल. ते मला जास्त बरं वाटतं.

युजरचं काम लोक घाईत उरकतात आणि तिथेच घोळ होतो. 'युजर लिस्ट १' केलं की १ नंबरवर बिननावाचा युजर असतो, २ वर कारखान्याचा. डेलचा रूट आणि कॅल्व्हिन, सुपरमायक्रोचा अॅडमिन आणि पुन्हा अॅडमिन, ही जोडी वर्षानुवर्षं सगळ्या जगाला पाठ आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून कायदा लागू झाला की जोडणीयोग्य उपकरणाला सरसकट एकच पासवर्ड देता येणार नाही. त्यानंतर सुपरमायक्रोच्या प्रत्येक बोर्डाचा पासवर्ड वेगळा, स्टिकरवर छापलेला यायला लागला. एका राज्याच्या कायद्याने महाप्यातल्या रॅकमधली सवय बदलली, याचं मला खरंच समाधान आहे. जुनी मशीन मात्र अजून तशीच फिरतात, विशेषतः सेकंडहँड बाजारातून आलेली.

मी ३ नंबरवर नवा युजर बनवते:

युजर सेट नेम ३, पुढे नाव
युजर सेट पासवर्ड ३
चॅनेल सेटअॅक्सेस १ ३ लिंक=ऑन आयपीएमआय=ऑन कॉलइन=ऑन प्रिव्हिलेज=४
युजर एनेबल ३

पासवर्ड कमांडच्या ओळीतच लिहू नका. तो शेलच्या हिस्ट्रीत उरतो, आणि कमांड चालू असताना पीएस (चालू प्रोसेसची यादी) करणाऱ्या कुणालाही दिसतो. ओळ तिथेच सोडली की टूल स्वतः विचारतं. लांबीचंही बघा. आयपीएमआय १.५ मध्ये पासवर्ड १६ बाइटचा होता, २.० मध्ये २०. त्याहून मोठा चालत नाही. 'युजर टेस्ट ३ २०' करून तो पूर्ण २० म्हणून साठलाय की नाही हे तपासता येतं. तिसरी ओळ, सेटअॅक्सेसची, सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. युजर चालू आहे, पासवर्ड बरोबर आहे, पण त्या चॅनेलवर त्याला आयपीएमआयची परवानगीच दिलेली नाही. प्रिव्हिलेज ४ म्हणजे अॅडमिनिस्ट्रेटर, ३ ऑपरेटर, २ साधा युजर. मॉनिटरिंगसाठी जो युजर फक्त तापमान आणि पंख्यांचा वेग वाचतो, त्याला २ पुरतो. त्याला ४ देऊन ठेवण्याचं काही कारण नाही.

मग दुसऱ्या मशीनवरून, नेटवर्कमार्गे तपासायचं, '-आय लॅनप्लस' (आयपीएमआय २.० ची नेटवर्क वाट) आणि '-ई' देऊन. '-ई' मुळे पासवर्ड आयपीएमआय_पासवर्ड या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेतला जातो. नव्या युजरने 'चॅसिस पॉवर स्टेटस' नीट आलं की मगच २ नंबरचा कारखान्याचा युजर बंद करायचा. त्याआधी नाही.

आता सुरक्षा, कारण यात हयगय केलेली मला सहन होत नाही. २०१३ मध्ये सुरक्षा संशोधक डॅन फार्मर यांनी आयपीएमआयमधल्या त्रुटी जगासमोर मांडल्या. त्यातल्या दोन आजही रोजच्या कामात लागतात. पहिली, सायफर शून्य. हा पर्याय चालू असेल तर युजरचं नाव माहीत असणं पुरेसं, पासवर्ड काहीही चालतो. 'लॅन प्रिंट' मध्ये सायफर सूट प्रिव्ह मॅक्स नावाची ओळ असते, त्यात पंधरा अक्षरं. शून्य सायफरच्या जागी, म्हणजे सुरुवातीला, मोठा एक्स असला पाहिजे. नसेल तर 'लॅन सेट १ सायफर_प्रिव्ह्ज' देऊन ती पंधरा अक्षरं नव्याने लिहायची. तेवढ्यावर विसंबू नका. बाहेरच्या मशीनवरून '-सी ०' आणि भलताच पासवर्ड देऊन युजर लिस्ट मागा. नकार आला पाहिजे.

दुसरी त्रुटी प्रोटोकॉलमध्येच आहे, तिला पॅच नाही. लॉगिनच्या हातमिळवणीत बीएमसी समोरच्याची खातरजमा होण्याआधीच पासवर्डपासून बनवलेला हॅश (पासवर्डचा गणिती ठसा) पाठवून देतो. तो घेऊन कुणीही आपल्या घरी, आपल्या ग्राफिक्स कार्डावर, शांतपणे पासवर्ड फोडत बसू शकतो, इथे एकही चुकीचा प्रयत्न नोंदला न जाता. यावर दोनच उपाय आहेत: वीसच्या वीस अक्षरं रँडम, आणि यूडीपी ६२३ पोर्टपर्यंत परकं कुणी पोचणारच नाही असं वेगळं नेटवर्क. आमचे बीएमसी व्हीपीएनच्या आत आहेत, त्यांना इंटरनेटची वाट नाही. नव्या मशीनवरही हेच. एएमआय कंपनीच्या मेगारॅक या बीएमसी फर्मवेअरमधली लॉगिनच चुकवता येणारी त्रुटी (सीव्हीई-२०२४-५४०८५) जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सीसा या सायबरसुरक्षा संस्थेने प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत घातली. त्या दिवशी ज्यांचे बीएमसी वेगळ्या नेटवर्कवर होते, त्यांना फर्मवेअर चढवायला श्वास घेण्याइतका वेळ मिळाला.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग, एसओएल. सिरियल ओव्हर लॅन, म्हणजे सर्व्हरच्या सिरियल पोर्टवरचा अक्षरी कन्सोल नेटवर्कवरून. ग्राफिक कन्सोल छान असतो, पण घाटातल्या मोबाइल नेटवर्कवर तो रडतो. एसओएल म्हणजे नुसती अक्षरं, ती कशाही लाइनवर येतात. 'एसओएल सेट एनेबल्ड ट्रू १', मग वेग ११५.२, व्होलाटाइल (तात्पुरता) आणि नॉन-व्होलाटाइल (कायमचा) दोन्ही. बायोसमध्ये कन्सोल रीडायरेक्शन त्याच सिरियल पोर्टवर. ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) कर्नलला दोन पर्याय, आधी कन्सोल=टीटीवाय०, नंतर कन्सोल=टीटीवायएस१,११५२०० (तुमच्या बोर्डावर एस० असू शकतो). शेवटी लिहिलेला कन्सोल मुख्य ठरतो, म्हणून सिरियल शेवटी. यातला एक दुवा जरी सुटला तरी पडदा काळाच राहतो. म्हणून टेबलावर असतानाच रीबूट करून बायोसपासून लॉगिनपर्यंत सगळी अक्षरं येताना डोळ्यांनी बघायची. बाहेर पडायला टिल्ड आणि टिंब. एसएसएचमधून गेला असाल तर टिल्ड दोनदा, नाहीतर एसएसएचच तुटतं.

याची किंमत मला रुग्णालयाच्या सर्व्हरने शिकवली. रात्री तिथली वीज गेली, यूपीएस दमला, पहाटे वीज आली. सर्व्हर वर यायला हवा होता, आला नाही. काकांचा फोन. "पोरी, पेशंटचे कागद निघत नाहीयेत. ओपीडी नऊला सुरू होते." मी घरून बीएमसीला जोडलं, पॉवर चालू दाखवत होतं. 'एसओएल अॅक्टिव्हेट' केलं, एंटर दाबलं, आणि पडद्यावर आलं की सिस्टिम इमर्जन्सी मोडमध्ये आहे, रूटचा पासवर्ड द्या. पासवर्ड देऊन लॉग वाचल्यावर कारण दिसलं. बॅकअपची यूएसबी डिस्क कुणीतरी काढून नेली होती, एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) तिची ओळ तशीच होती, लिनक्स तिची दीड मिनिट वाट बघून थांबलं होतं. ओळीत 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा) घातलं, रीबूट, आणि बायोसची अक्षरं, कर्नलची अक्षरं, मग लॉगिन. काकांना सांगितलं, "बघा आता." ते म्हणाले, "निघाला गं कागद." साताऱ्याला गाडी काढली असती तर ओपीडीची सकाळ गेली असती.

त्याच मशीनवर आणखी एक सेटिंग आहे: 'चॅसिस पॉलिसी ऑलवेज-ऑन'. वीज परत आली की मशीन आपोआप सुरू. जिथे बटण दाबायला माणूस नाही तिथे हे हवंच. डेटा सेंटरमध्ये मी 'प्रीव्हियस' ठेवते, म्हणजे मुद्दाम बंद ठेवलेलं मशीन वीज आल्यावर स्वतःहून उठत नाही.

एसईएलचं, म्हणजे बीएमसीच्या घटना-नोंदीचं घड्याळही लावून घ्या. ते चुकलेलं असेल तर मेमरीच्या ईसीसी चुका (मेमरीने स्वतः पकडलेल्या चुका) नेमक्या कधी आल्या हे लॉगशी जुळवता येत नाही. काही बीएमसी यूटीसी धरतात, काही स्थानिक वेळ, आणि साडेपाच तासांच्या फरकाने माणूस भलत्याच रात्रीचा लॉग वाचत बसतो. आम्ही सगळीकडे यूटीसी ठरवून टाकलं आहे. 'एसईएल टाइम गेट' ने खात्री करायची, मग टेबलावरच्या चाचण्यांच्या नोंदी फाइलमध्ये साठवून 'एसईएल क्लिअर'.

शेवटी फ्रीआयपीएमआय या दुसऱ्या टूलसंचामधलं बीएमसी-कॉन्फिग. '--चेकआउट' दिलं की बीएमसीच्या युजर, नेटवर्क, एसओएल वगैरे सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरतात, '--कमिट' दिलं की फाइलमधून परत चढतात. पासवर्डच्या ओळी काढून आम्ही ती फाइल गिटमध्ये (फाइलमधले बदल नोंदून ठेवणारं टूल) ठेवतो, प्रत्येक मशीनची वेगळी. फर्मवेअर अपडेट झाल्यावर पुन्हा चेकआउट करून फरक बघायचा, कारण काही अपडेट गुपचूप सेटिंग मूळपदावर नेतात.

आयपीएमआयच्या जागी आलेलं नवं मानक, रेडफिश, २०१५ पासून आहे, डीएमटीएफ या मानक-संस्थेचं, एचटीटीपीएसवर जेसन. नव्या मशीनवर दूरचं सगळं काम आम्ही आता त्यानेच करतो, आणि 'लॅन सेट १ अॅक्सेस ऑफ' देऊन नेटवर्कवरचं आयपीएमआय बंद करून टाकतो. पहिला पत्ता आणि पहिला युजर मात्र अजूनही टेबलावर, आतूनच, आयपीएमआयटूलने. जुन्या मशीनवर रेडफिश एकतर नाही किंवा अर्धवट आहे, तिथे वर लिहिलेलं सगळं जसंच्या तसं लागू. तुमच्या बोर्डावर डेडिकेटेड मोडची कमांड वेगळी असेल तर मॉडेलच्या नावासकट खाली लिहा, मला माझ्या फाइलमध्ये ती जोडून ठेवायची आहे.